राखेचा बुधवार: सुट्टी नसलेल्या दिवसाचं व्रत कसं पाळावं

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या कॅथलिकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कॅलेंडरवर आकडा लाल नसतो. शाळा भरते, बँका उघडतात आणि सकाळची विरार लोकल नेहमीइतकीच खच्चून येते. चर्चच्या नियमांतही या दिवशी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणं सक्तीचं नाही. ती सक्ती रविवारची आहे, नाताळची आहे. तरीही आमच्या वसईत या दिवशी पहाटेच्या मिस्सेला उशिरा पोहोचलात तर बाहेर मंडपात उभं राहावं लागतं. वर्षभर न दिसलेले चेहरेही रांगेत दिसतात.

दिवस कामाचा असल्यामुळे अडचणी येतात त्या अगदी साध्या. डबा काय न्यायचा? चर्चमध्ये कपाळावर लावतात ती राख कधी घ्यायची? कपाळावरचा काळा डाग घेऊन मीटिंगला बसायचं का? मधुमेह असलेल्या वडिलांनी उपवास करायचा का? हा लेख अशा प्रश्नांसाठी आहे. नव्याने श्रद्धेत आलेल्यांना, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्यांना आणि शेजारी किंवा ऑफिसात कॅथलिक मित्र असलेल्यांनाही त्याचा उपयोग होईल.

तारीख कशी काढायची

हा दिवस दरवर्षी सरकतो, कारण तो ईस्टरला बांधलेला आहे. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर होळीची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा झाली की पुढचा रविवार बहुतेक वेळा ईस्टरचा निघतो. २०२४ मध्ये होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला ईस्टर होता, तर २०२५ मध्ये हनुमान जयंतीनंतर, २० एप्रिलला. चर्चची पौर्णिमा ठरावीक कोष्टकावरून काढतात, त्यामुळे कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

ईस्टरपासून ४६ दिवस मागे गेलं की राखेचा बुधवार. उपवासकाळ तर चाळीस दिवसांचा म्हणतात, मग ४६ कसे? मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. येशूने रानात चाळीस दिवस उपवास केला, तो आकडा जुळवण्यासाठी उपवासकाळाची सुरुवात रविवारऐवजी बुधवारी आणली गेली. या हिशेबाने राखेचा बुधवार लवकरात लवकर ४ फेब्रुवारीला आणि उशिरात उशिरा १० मार्चला येतो. पुढच्या तारखा लिहून ठेवा: २०२७ मध्ये १० फेब्रुवारी, २०२८ मध्ये १ मार्च, २०२९ मध्ये १४ फेब्रुवारी. म्हणजे २०२९ ला व्हॅलेंटाइन डे आणि राखेचा बुधवार एकाच दिवशी. २०१८ आणि २०२४ लाही तसंच झालं होतं. जेवायला बाहेर जायचा बेत असेल तर तो मंगळवारी उरकावा.

लग्नाचा हॉल बुक करण्याआधीही ही तारीख पाहावी. आमच्याकडे उपवासकाळात लग्नं काढत नाहीत.

आदल्या दिवशीची तयारी

गोव्यात या बुधवारच्या आधीचे चार दिवस, शनिवार ते मंगळवार, कार्निव्हल चालतो. कोंकणीत त्याला इंत्रूज म्हणतात. कार्निव्हलचा राजा मानलेल्या किंग मोमोची मिरवणूक निघते, गाणीबजावणी होते आणि मंगळवारी रात्री सगळं थांबतं. पुढे उपासाचे दिवस आहेत, तर आत्ताच खाऊनपिऊन घ्या, असा त्याचा मूळ हिशेब. आपल्याकडे श्रावण लागण्याआधी दिव्यांच्या अमावास्येला मटणाच्या दुकानासमोर जी रांग लागते, तिचा हिशेब वेगळा नाही. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या अनेक घरांत मंगळवारी ओल्या खोबऱ्याचं आणि गुळाचं सारण भरून पातळ धिरड्यांच्या गुंडाळ्या करतात. गोव्यात त्यांना आलेबेले म्हणतात.

मंगळवारी दोन कामं न विसरता करा. फ्रीजमध्ये उरलेलं चिकन-मटण संपवा, नाहीतर गुरुवारपर्यंत टिकेल असं ठेवा. बुधवारी सकाळी घाईत तोच डबा भरला जातो आणि दुपारी लक्षात येतं. दुसरं, आपल्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) मिस्सेच्या वेळा पाहून ठेवा. नोकरदारांसाठी बहुतेक चर्चमध्ये पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मिस्सा असते. संध्याकाळची बस चुकली, गाडी लेट झाली, असे प्रकार हमखास होतात, म्हणून शक्य असेल त्यांनी पहाटेचीच धरावी.

उपवास म्हणजे नेमकं काय

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि तो शब्दामुळे होतो. मराठी कानाला ‘उपवास’ म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी आठवते. काय खायचं, यावर सगळा भर. राखेच्या बुधवारचा उपवास किती खायचं यावर आहे. भात चालतो, पोळी चालते, कांदा-लसूण चालतं. पण ताटभर साबुदाण्याची खिचडी, वर दोन वडे आणि वाटीभर दही असा फराळ तीन वेळा केला तर तो उपवास नव्हे. आपल्याकडचा ‘एकभुक्त’ हा जुना शब्द या व्रताला चपखल बसतो.

नियम असा. दिवसभरात एकच पूर्ण जेवण. सकाळी आणि उरलेल्या जेवणाच्या वेळी थोडं काही, आणि ही दोन छोटी खाणी मिळूनही एका पूर्ण जेवणाइतकी होता कामा नयेत. अधेमधे काही नाही. पाणी आणि औषध यांना कसलीच अडकाठी नाही, चहाही चालतो. चारच्या चहाबरोबरचं बिस्किट मात्र अधेमधेमध्येच मोडतं. हा उपवास १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षं पूर्ण होईपर्यंत लागू आहे. त्याशिवाय या दिवशी मांस वर्ज्य असतं, आणि ते बंधन १४ वर्षं पूर्ण झाली की लागतं. त्याला वरची मर्यादा नाही. म्हणजे सत्तरीच्या आजीने तीनदा जेवायला हरकत नाही, पण तिच्याही ताटात मटण नको. अशी कडक दुहेरी शिस्त वर्षात दोनच दिवस असते: राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला.

आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि दिवसभर अंगमेहनत करणारे यांनी उपवास करू नये. मधुमेह असलेल्यांना तर मी हात जोडून सांगते, वेळेवर खा आणि गोळी घ्या. ‘एक दिवस काय होतंय’ म्हणत उपाशी राहून दुपारी चक्कर येऊन पडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी मांस टाळलं की झालं. वाटल्यास दिवसभर टीव्ही बंद ठेवावा, पुष्कळांना तो उपवास जेवणापेक्षा कठीण जातो.

आता मासळीचा प्रश्न. हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर दरवर्षी निघतो. नियमात मांस म्हणजे कोंबडी, बकरा, डुक्कर, गाय-म्हैस वगैरेंचं. मासे त्यात येत नाहीत. अंडी, दूध, तूपही चालतं. म्हणून कायद्याने पाहिलं तर बुधवारी रात्री तळलेला सरंगा, कोलंबीचं कालवण आणि भात असं जेवून तुम्ही व्रत मोडलं नाही. पण ज्या घरात मटण आठवड्यातून एकदा आणि मासळी पाच दिवस शिजते, त्या घराने मटण सोडून काय सोडलं? युरोपात मांस ही मेजवानी होती, म्हणून ते सोडायचं. आपली मेजवानी बाजारातल्या टोपलीत असते. आमच्या घरात या दिवशी मासळी आणत नाहीत, सुका बोंबीलही भाजत नाहीत. हा नियम चर्चचा नाही, आजीने घातलेला आहे, आणि मला तो चर्चच्या नियमापेक्षा जास्त पटतो.

माझा बुधवारचा आराखडा असा असतो. सकाळी मिस्सेहून आल्यावर चहा आणि एक पोळी. डब्यात एक केळं आणि मूठभर फुटाणे, किंवा पातळ ताकाची बाटली. पूर्ण जेवण रात्री, घरच्यांबरोबर: भात, वालाचं बिरडं किंवा वरण, एक भाजी. लोणचं-पापड नाही, गोड नाही. काहीजण दुपारी पूर्ण जेवून रात्री थोडक्यात आटोपतात, तेही ठीक. उन्हातान्हात फिरण्याचं काम असेल तर दुपारचंच जेवण सोयीचं. मी रात्रीचं निवडते, कारण दुपारी डबा उघडताना शेजारच्या टेबलावरून येणारा वास सोसणं हाच माझ्या उपवासाचा खरा भाग असतो.

मिस्सा आणि राख

मिस्सेला ख्रिस्तशरीर (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेणार असाल तर त्याआधी एक तास काही खाऊ नका, ते नेहमीचंच. चर्चमध्ये शिरताच बदल जाणवतो. वेदीवर फुलं नसतात, फादरांचा झगा जांभळा असतो. ‘आल्लेलूया’ आज म्हटलं जात नाही, ते थेट ईस्टरच्या जागरणविधीत परत येतं. मिस्सेच्या सुरुवातीला एरवी होणारा पश्चात्तापविधीही आज गाळतात, कारण त्याची जागा राख घेते.

राख प्रवचनानंतर देतात. ‘राख घेऊन पळू’ या हिशेबाने काहीजण बरोबर त्याच वेळी येतात. त्यांना राख मिळते, पण त्याआधीची वाचनं हुकतात, आणि माझ्या मते दिवसाचा गाभा त्या वाचनांत आहे. योएल संदेष्टा म्हणतो, कपडे फाडू नका, काळीज फाडा. मग मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं शुभवर्तमान: दान करताना डाव्या हाताला कळू देऊ नकोस, प्रार्थना दार लावून कर, आणि उपवास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, म्हणजे लोकांना कळणार नाही. हे ऐकायचं आणि पाचच मिनिटांत कपाळावर सगळ्यांना दिसेल असा काळा क्रूस घ्यायचा! हा विरोधाभास दरवर्षी मला टोचतो. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

राख येते कुठून? गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या लोक वर्षभर घरी जपतात. उपवासकाळ जवळ आला की त्या चर्चमध्ये परत गोळा होतात, जाळून त्यांची राख करतात आणि ती चाळून घेतात. ज्या झावळ्यांनी येशूचं राजासारखं स्वागत केलं, त्यांचीच ही माती.

चर्चच्या युवक गटात असाल आणि हे काम तुमच्याकडे आलं तर दोन गोष्टी पाळा. झावळ्या कडकडीत वाळलेल्या असाव्यात आणि लोखंडी घमेल्यात, मोकळ्या हवेत जाळाव्यात. ओलसर असल्या तर धूर फार होतो आणि राख खडबडीत निघते. पूर्ण थंड झाल्यावर कुटून दोनदा फडक्यातून चाळा. आणि त्या राखेत भरपूर पाणी घालून लगदा करू नका. राखेने भांडी का निघतात, हे आठवा. तिच्यात क्षार असतो, पाण्यात तो उतरतो आणि नाजूक कातडीला चटका बसतो. कपाळावर लाल चट्टा उठल्याचे प्रकार यामुळेच होतात. कोरडीच राख ठेवा, नाहीतर ती चिकटण्यापुरतं थेंबभर खोबरेल लावा. पवित्र पाणी आशीर्वादाच्या वेळी वरून शिंपडलं जातं, तेवढं पुरे.

रांगेत उभं राहताना चष्मा काढून हातात घ्या, काचेवर राख पडते. कपाळावरचे केस मागे करा, टिकली असेल तर काढा. पांढरा सदरा नको. स्कूटरवरून आला असाल तर हेल्मेटच्या अस्तराला लागलेली राख नंतर आठवडाभर निघते, हे अनुभवाचे बोल. फादर अंगठ्याने क्रूस काढताना दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एक उत्पत्तीच्या पुस्तकातलं: तू माती आहेस आणि मातीला मिळशील, हे लक्षात ठेव. दुसरं मार्कच्या शुभवर्तमानातलं: पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. उत्तर काही द्यायचं नसतं, मान झुकवून परत फिरायचं. रोममध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी कपाळावर क्रूस न काढता टाळूवर चिमूटभर राख टाकतात. २०२१ मध्ये कोरोनामुळे व्हॅटिकनने सगळीकडेच तशी पद्धत सांगितली होती, आणि फादरांनी ते वाक्य एकदाच सगळ्यांसाठी म्हणायचं होतं.

राख कोणालाही घेता येते. बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्या बाळाला, हिंदू सुनेला, सोबत आलेल्या मित्रालाही. तो संस्कार नाही, नम्रतेची एक खूण आहे. नंतर दिलं जाणारं ख्रिस्तशरीर मात्र बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारीत असलेल्या कॅथलिकांसाठीच असतं, तेव्हा पाहुण्यांनी त्या रांगेत न जाता जागेवर बसावं. घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर आशीर्वादित राख थोडी कागदाच्या पुडीत मागून घ्या आणि घरी जाऊन त्यांच्या कपाळी लावा, आधी फादरांना विचारून. माझ्या आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत हे काम माझ्याकडे होतं. ‘तू माती आहेस’ हे वाक्य शहाऐंशी वर्षांच्या बाईला तोंडावर म्हणवेना, म्हणून मी दुसरं म्हटलं. ती डोळे मिटून म्हणाली, ‘अगं, मातीवालं म्हण. ते खरं आहे.’

डाग पुसायचा की ठेवायचा

नियम नाही. पुसला तर पाप नाही, ठेवला तर पुण्य नाही.

ऑफिसात दरवर्षी कोणीतरी पर्समधून टिश्यू काढून देतंच, ‘अगं, कपाळाला काळं लागलंय.’ एकीने ‘कुठल्या देवीचा अंगारा?’ असंही विचारलं होतं. मी एका वाक्यात सांगते: आज राखेचा बुधवार, मरणाची आठवण. भस्म लावणाऱ्या मुलखात हे समजावणं कठीण नाही. चितेच्या राखेचा अर्थ इथे शाळेतल्या पोरालाही कळतो.

तोंड धू असं शुभवर्तमान सांगत असताना डाग मिरवायचा का, हा टोचणारा प्रश्न मी असा सोडवला आहे. मुद्दाम पुसत नाही आणि मुद्दाम जपतही नाही. लोकलच्या गर्दीत घामाने अर्धा तिथेच जातो. उरलेला दुपारी तोंड धुताना जातो. त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवणं मला पटत नाही, पण ठेवणाऱ्यांशी मी भांडतही नाही. उपवासाचं मात्र कोणाला सांगत नाही. डबा छोटा का, असं विचारलं तर ‘भूक नाही’ म्हणायला जीभ वळते, पण ते खोटं झालं. म्हणून ‘आज एवढंच’ इतकंच म्हणते.

बॉसचा वाढदिवस त्याच दिवशी असेल तर केकचा तुकडा घ्या, कागदात गुंडाळा आणि उद्या खा. कोणाच्या आनंदावर आपला उपवास लादू नये.

संध्याकाळी ठरवायच्या तीन गोष्टी

राखेचा बुधवार हे दार आहे, पुढचे दिवस अजून चालायचे आहेत. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर घरच्यांनी मिळून प्रार्थना, उपवास आणि दान या तिन्हींसाठी एकेक नेमकी गोष्ट ठरवावी. ‘चांगलं वागेन’ असं मोघम नको. ‘दर शुक्रवारी क्रूसाची वाट करेन’ हे नेमकं. क्रूसाची वाट म्हणजे येशूच्या क्रूसयात्रेतल्या चौदा स्थानांवर थांबून केलेली प्रार्थना, साधारण अर्ध्या-पाऊण तासात होते. उपवासात एक सवय निवडा, जिच्यावाचून खरंच जड जाईल. ज्याला चॉकलेट आवडतच नाही त्याने चॉकलेट सोडण्यात काय अर्थ आहे?

दानाचं आम्ही असं करतो. स्वयंपाकघरात एक रिकामा डबा ठेवतो. बाहेरचा वडापाव टाळला, रिक्षाऐवजी चालत आलो, मटण आणलं नाही की तेवढे पैसे त्यात. मुलांना हे फार आवडतं, तेच हिशेब ठेवतात आणि मोठ्यांना पकडतात. शेवटच्या आठवड्यात डबा फोडतो. कारितास इंडिया ही संस्था दरवर्षी उपवासकाळात मदतनिधी गोळा करते, धर्मग्रामातही पेटी असते. आम्ही अर्धे तिथे देतो आणि अर्धे ओळखीतल्या एका घराला, नाव न सांगता.

शेजाऱ्यांसाठी एवढंच: या दिवशी ‘हॅपी’ लावून शुभेच्छा देऊ नका, हा सण नव्हे. जेवायला बोलावलंत तर रागावू नका, आम्ही गुरुवारी नक्की येऊ. आणि चाळीस दिवसांत एखाद्या रविवारी बिर्याणी पाठवलीत तर निःशंक पाठवा, रविवारी उपवास नसतो.

उरलेली राख केरात टाकू नका. आशीर्वादित वस्तू मातीत पुरतात किंवा झाडाच्या बुंध्याशी घालतात. आमच्या पुडीतली राख दारातल्या चाफ्याला जाते. आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी नवी झावळी हातात येईल, ती घरातल्या क्रूसामागे खोचून ठेवा. मे महिन्यात ती पिवळी पडेल, पावसाळ्यात तिला बुरशी येऊ पाहील. तेव्हा फेकायचा मोह होतो. फेकू नका, उन्हात टाकून पुन्हा खोचा. फेब्रुवारीत चर्चमधून निरोप येईल, जुन्या झावळ्या आणून द्या म्हणून.